चैत्राची यात्रा : गाडी भरण्यापूर्वी

चैत्र-वैशाख म्हणजे वसंत ऋतू, असे आपण शाळेत पाठ केले. पुस्तकातला वसंत कोकिळेचा आणि आंब्याच्या मोहराचा. आपल्या खान्देशातला वसंत वेगळा. गुढीपाडव्याला कडुनिंबाची पाने चावली की पाठोपाठ ऊन दाराशी येऊन उभे राहते. पहाटे अंगावर चादर लागते आणि दुपारी जळगाव-भुसावळकडे पारा चाळिशी गाठतो. नेमक्या याच दिवसांत आपल्याकडची हजारो माणसे घराबाहेर पडतात. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगी गडावर चैत्रोत्सव असतो. साडेतीन शक्तिपीठांपैकी हे अर्धे पीठ आणि खान्देशातल्या कितीतरी घरांची ही कुलदेवता. कोणी पायी निघतो, कोणी एस.टी.ने. बरीच कुटुंबे एखादी क्रूझर किंवा टेम्पो ट्रॅव्हलर ठरवून, स्वयंपाकाचे सामान आणि अंथरुणे-पांघरुणे बांधून तीन-चार दिवसांसाठी निघतात. गाडीत बसायचे, गाडीशेजारी रांधायचे, गाडीजवळच झोपायचे.

परदेशात अशा प्रवासासाठी मुद्दाम बांधलेल्या गाडीला कॅम्परव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. पण चाकांवर संसार मांडून देवाला जाणे आपल्याला नवीन नाही. आपले आजोबा-पणजोबा बैलगाडीवर ताडपत्री टाकून असेच जात. फरक एवढाच की बैलगाडी दुपारी झाडाखाली सुटत असे. बैलांना ऊन सोसत नाही म्हणून माणसांनाही विसावा मिळे. इंजिनाला विसावा लागत नाही, आणि त्यापायी माणसाचाही विसावा गेला.

चैत्र पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात येणारे आजार आता मला पाठ झाले आहेत. जुलाब-उलट्यांनी सुकलेली मुले, लघवीला जळजळ होणाऱ्या बायका, तळपायाला फोड आलेले मधुमेही आणि चक्कर येऊन पडलेले म्हातारे. विचारपूस केली तर असे दिसते की बहुतेकांच्या गाडीत सगळे सामान होते. पाणी होते, पण टपावर दोरीने बांधलेले. ओआरएसची पाकिटे होती, पण कपड्यांच्या बॅगेच्या तळाशी. गोळ्या होत्या, पण ज्या पिशवीत होत्या ती पिशवी मागच्या गाडीत. म्हणून आज काय न्यावे याबरोबरच कोणती वस्तू कुठे ठेवावी याबद्दल लिहितो आहे. जी वस्तू लागली तर पहिल्या पाच मिनिटांत लागणार आहे, ती हाताशी हवी. यात्रेच्या तयारीचा सारा नियम या एका वाक्यात आला.

ऊन लागते म्हणजे काय होते?

आपले शरीर आतून साधारण ३७ अंश सेल्सिअसला चालते. बाहेरची हवा त्याहून गरम झाली की अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. घाम वाळताना कातडी गार होते. पण घाम तयार व्हायला पाणी आणि मीठ लागते. भर उन्हात चालणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर घामही जाऊ शकतो. ते भरून निघाले नाही की आधी तहान, मग डोके दुखणे, पायात गोळे, मळमळ, चक्कर असा क्रम सुरू होतो. इथवर माणूस सावलीत विसावला आणि मीठ-साखरेचे पाणी प्याला तर बहुधा सावरतो.

याच्या पुढची पायरी उष्माघाताची. अंगाचे तापमान ४० अंश सेल्सिअस, म्हणजे १०४ अंश फॅरनहाइटच्या वर जाते. माणूस असंबद्ध बोलू लागतो, चिडतो, ओळखत नाही, झटके येतात किंवा शुद्ध हरपते. ही जिवावरची वेळ असते.

पारा ४५ ला पोचला तरच धोका असतो, असे मुळीच नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावरील कार्यक्रमात अनेकांना उष्माघात झाला आणि १४ जणांचे प्राण गेले. त्या दिवशी तिथले तापमान आपल्या मे महिन्यापेक्षा कितीतरी कमी होते. गर्दी, डोक्यावर छप्पर नसणे आणि हवेतला दमटपणा एवढे पुरेसे होते. शिवाय उन्हाची सवय व्हायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. चैत्रातले ऊन वैशाखाहून कमी असले तरी आपले शरीर अजून तयार झालेले नसते. वर्षभर दुकानात किंवा कचेरीत पंख्याखाली बसणारा माणूस एकदम पायी निघाला तर त्याला शेतावर राबणाऱ्यापेक्षा जास्त जपावे लागते. निघण्यापूर्वी दहा-बारा दिवस रोज सकाळी तास-दीड तास चालण्याचा सराव करावा. पायांना आणि अंगाला दोघांनाही सवय होते.

पाणी किती आणि कसे?

हिशेब सोपा आहे. या दिवसांत प्रवासात मोठ्या माणसाला पिण्यासाठीच दिवसाला चार ते पाच लिटर पाणी धरा. आठ माणसे असतील तर दिवसाला ४० लिटर, म्हणजे २० लिटरचे दोन जार. स्वयंपाकाचे आणि हात धुण्याचे पाणी यापेक्षा वेगळे.

जार टपावर नको. ते गाडीच्या आत, सावलीत, मागच्या दारापाशी ठेवा. शक्यतो तोटीचा जार घ्या. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे ठेवा आणि घरात दंडक घाला की भांड्यात कोणी हात बुडवायचा नाही. प्रत्येकाची स्वतःची बाटली हवी आणि ती बसायच्या जागेवर हवी. गाडी थांबवून, सामान काढून पाणी प्यायचे असेल तर माणूस 'पुढच्या थांब्यावर पिऊ' म्हणतो, आणि तो थांबा दोन तासांनी येतो.

वाटेत पाणी भरावे लागले आणि खात्री नसेल तर उकळी फुटल्यावर एक मिनिट खळखळू द्या, किंवा क्लोरीनची गोळी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी चौपदरी फडक्यातून गाळा. गढूळ पाण्यात क्लोरीनचे काम नीट होत नाही.

आपण पुरेसे पाणी पितो की नाही हे कळण्याची खूण लघवीचा रंग. फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद पिवळी आणि थोडी होत असेल तर पाणी कमी पडते आहे. चार-पाच तासांत लघवीच लागली नाही तर तो इशारा समजावा. कैरीचे पन्हे, ताक, लिंबू-सरबत ही आपली जुनी पेये मीठ घालून घेतली तर उत्तमच. चहा बंद करा असे मी म्हणणार नाही, पण चहा म्हणजे पाणी असे धरू नका. खिशात कांदा ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर पाणी कमी पिऊ नका.

आया-बहिणींच्या पाण्याबद्दल

आता जो मुद्दा सांगतो तो या लेखातला सर्वांत महत्त्वाचा आहे आणि घरातल्या पुरुषांनी तो मुद्दाम वाचावा.

यात्रेत बायका पाणी पीत नाहीत. तहान लागत नाही म्हणून नव्हे, तर वाटेत जायला जागा नसते म्हणून. जळगावहून निघालेली गाडी एरंडोल, पारोळा, धुळे, मालेगाव, देवळा, कळवण करत नांदुरीला पोचेपर्यंत पुरुष कुठेही उतरून मोकळे होतात. बायका सकाळी निघताना अर्धा कप चहा घेतात आणि मुक्कामापर्यंत ओठ ओले करण्यापलीकडे पाणी घेत नाहीत. हे त्या कोणाला बोलूनही दाखवत नाहीत. दोन दिवसांनी थंडी वाजून ताप येतो, लघवीला आग होते, कंबर दुखते. वय झालेल्या बाईंना रक्तदाबाची गोळी चालू असेल तर रक्तदाब एकदम उतरून त्या पायरीवरच बसकण मारतात. गरोदर बाईच्या बाबतीत तर लघवीचा जंतुसंसर्ग आणि पाण्याची कमतरता यांनी वेळेआधी कळा सुरू होण्याची भीती असते.

याला औषध दवाखान्यात नाही, गाडीत आहे. दोन जाड चादरी, दहा-बारा मीटर दोरी आणि चार काठ्या घ्या. गाडीचे उघडे दार आणि एक झाड यांच्यामध्ये दोन मिनिटांत आडोसा उभा राहतो. सोबत एक खुरपे, पाण्याचा डबा आणि साबण. मासिक पाळीसाठी लागणारे कापड किंवा पॅड, जुनी वर्तमानपत्रे आणि वापरलेले ठेवायला झाकणाचा डबा याच पिशवीत ठेवा. ही पिशवी गाडीत सर्वांत शेवटी भरा, म्हणजे ती सर्वांत आधी हाती येईल.

दुसरे असे की थांबे आधीच ठरवा. दर दोन तासांनी बसस्थानक, पेट्रोल पंप किंवा चांगल्या ढाब्यावर गाडी थांबली पाहिजे, कोणी मागितले म्हणून नव्हे तर ठरले म्हणून. मागावे लागले की संकोच आला. आणि त्या थांब्यावर प्रत्येकाने बाटलीतले पाणी संपवून ती पुन्हा भरायची. घरातल्या कर्त्या माणसाने 'आई, वहिनी, तुमची बाटली दाखवा' एवढे विचारले तरी निम्मे काम होते.

शिदोरी

आपल्या पूर्वीच्या बायकांना प्रवासाचे शास्त्र चांगले कळत होते. दुधात भिजवलेल्या दशम्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी, गूळ, फुटाणे, मुरमुरे, बिबड्या. पाण्याचा अंश जितका कमी तितके अन्न उन्हात टिकते. हीच शिदोरी आजही सर्वांत सुरक्षित आहे. सोबत आपल्या जळगावची केळी घ्या. सालीसकट येणारे हे फळ धुवायला लागत नाही आणि घामातून जाणारे पोटॅशियमही काही अंशी भरून देते.

टाळायचे ते असे: सकाळी करून डब्यात दाबलेला मसालेभात, खव्याची मिठाई, पनीर, वाटेवर चिरून ठेवलेली फळे, उसाच्या रसातला बर्फ. शिजवलेला भात उबदार डब्यात राहिला की त्यात एक प्रकारचे जंतू वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून या हवेत शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत संपवावे. उरले तर टाकून द्यावे. अन्न टाकणे जिवावर येते हे मला कळते, म्हणून मोजूनच रांधावे.

स्वयंपाक नेहमी गाडीच्या बाहेर, वाऱ्याच्या आडोशाला. गाडीच्या आत शेगडी पेटवू नये, चहापुरतीसुद्धा नाही. चालत्या गाडीत सिलिंडरची चावी पक्की बंद आणि सिलिंडर उभा असावा. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तो ठेवू नये. या दिवसांत रस्त्याकडेचे गवत वाळलेले असते, तेव्हा चूल पेटवण्यापूर्वी भोवतीची जागा साफ करा आणि निघताना पाणी ओता.

औषधांचा डबा

डबा लहान असावा, पुढच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाशी असावा, आणि त्यात काय आहे हे गाडीतल्या किमान दोघांना ठाऊक असावे. त्यात ओआरसची दहा-बारा पाकिटे, पॅरासिटामॉल, मुलांसाठी झिंकच्या गोळ्या, खाजेसाठी सेटिरिझीन, थर्मामीटर, जखमेसाठी पोव्हिडोन आयोडीन, कापूस, गॉझ, चिकटपट्टी, कात्री आणि बॅटरी एवढे पुरे. प्रतिजैविकांच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. मुलांना जुलाब थांबवायची गोळी तर मुळीच देऊ नये.

ओआरएसबद्दल दोन शब्द. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपात कालवून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजायला सुरुवात केली. मरणाचे प्रमाण झपाट्याने खाली आले. साखरेबरोबर मीठ आतड्यातून शोषले जाते आणि त्यांच्यामागे पाणी जाते, हे त्यामागचे शास्त्र. म्हणूनच प्रमाण महत्त्वाचे. मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात एकाच वेळी संपूर्ण मिसळावे. ग्लासात चिमूट-चिमूट टाकू नये. तयार पाणी २४ तासांनंतर टाकावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

औषधाच्या दुकानातून पाकीट घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे, असे लिहिलेले पाहून घ्या. फळांच्या चवीची गोड पेये ओआरएसच्या नावाने विकली जात होती. २०२५ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यावर बंदी घातली. अशा जास्त साखरेच्या पेयाने जुलाब वाढू शकतात.

रोजच्या गोळ्या आणि इन्सुलिन

रक्तदाब, मधुमेह, हृदयरोग, दमा, फिट येणे यांची औषधे मुक्कामाचे दिवस अधिक तीन दिवस इतकी घ्यावीत. ती दोन ठिकाणी विभागून ठेवा आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये घ्या. निघण्यापूर्वी आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना भेटा आणि तीन प्रश्न विचारा. माझ्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे का? वाटेत जुलाब-उलट्या झाल्या तर कोणती गोळी थांबवायची? उपवास असेल तर साखरेच्या गोळीचे काय करायचे? बरेच जण दर्शन होईपर्यंत उपवास धरतात आणि साखरेची गोळी मात्र नेमाने घेतात. मग चढावर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर उपवास बाजूला ठेवून तीन-चार चमचे साखर तोंडात टाकावी. मधुमेह्याच्या खिशात साखरेची पुडी असलीच पाहिजे.

इन्सुलिन उन्हात निकामी होते आणि ते बाटलीकडे पाहून नेहमीच कळते असे नाही. ते गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा खिडकीशी कधी ठेवू नये. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये गार पाण्यावर ठेवा. बर्फाला ती थेट लागू देऊ नका, कारण गोठलेले इन्सुलिनही वाया जाते. मुक्कामी मोठ्या माठात ओली वाळू आणि तीत छोटे मडके ठेवले तर चांगला गारवा मिळतो. दम्याचा पंपही तापलेल्या गाडीत ठेवू नये.

मधुमेह्यांना आणखी एक विनंती. नवस म्हणून अनवाणी चालणारे बरेच आहेत. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असते. डांबर तापलेले असते, तळवे भाजतात आणि माणसाला कळत नाही. संध्याकाळी पाय धुताना फोड दिसतात, महिन्याने जखम चिघळते आणि पुढे बोट किंवा पाऊल काढायची वेळ येते. श्रद्धा कोणतीही असो, मधुमेह्याने जुनी, पायाला बसलेली चप्पल-बूट घालूनच चालावे आणि रोज रात्री तळवे आरशात पाहावेत. पायी जाणाऱ्या इतरांनीही नवी पादत्राणे यात्रेसाठी म्हणून घेऊ नयेत.

लहान मुले

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही फक्त आईचे दूध. पाणी वेगळे देऊ नये, दूध अधिक वेळा पाजावे आणि आईने भरपूर पाणी प्यावे. त्याहून मोठ्या मुलाला जुलाब लागले तर प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांपर्यंत ५० ते १०० मिलिलिटर आणि त्यापुढे १०० ते २०० मिलिलिटर ओआरएस चमच्या-चमच्याने द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, पाणी पीत नाही, शौचातून रक्त पडले, तर घरगुती उपाय थांबवून सरळ दवाखाना गाठावा.

आणि हे लाल अक्षरांत लिहिल्यासारखे वाचा: उभ्या गाडीत मुलाला एकटे ठेवू नका, काच थोडी उघडी असली तरी नाही. उन्हातल्या बंद गाडीत तासाभरात बाहेरच्यापेक्षा सुमारे २० अंश अधिक उष्णता साठते, आणि त्यातली बरीचशी पहिल्या अर्ध्या तासातच. मुलांचे अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापते. मूल झोपले आहे म्हणून त्याला गाडीत ठेवून सगळे दर्शनाला जातात, यापेक्षा मोठा धोका नाही.

रात्रीची झोप

दिवस कितीही तापला तरी गडाकडे पहाटे वारा सुटतो आणि गारठा जाणवतो. म्हाताऱ्यांना आणि दमेकऱ्यांना एक पातळ शाल हवीच. ती अंथरुणाच्या वळकटीत नव्हे, वर ठेवा.

उकडते म्हणून गाडीच्या काचा लावून, इंजिन सुरू ठेवून एसीत झोपण्याची सवय वाढली आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरला तर त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. झोपायचे तर इंजिन बंद आणि काचा दोन्ही बाजूंनी उघड्या, त्यावर मच्छरदाणीचे कापड. सावलीसाठी किंवा दव पडते म्हणून गाडीखाली, गाडीच्या पुढे-मागे कोणी झोपू नये. पहाटे अंधारात चालक गाडी हलवतो तेव्हा त्याला खालचा माणूस दिसत नाही.

जमिनीवर झोपणाऱ्यांनी अंथरूण आणि चपला झटकून घ्याव्यात, बॅटरी उशाशी ठेवावी. विंचू चावला आणि घाम, उलट्या, हातपाय गार पडणे असे काही दिसले तर ताबडतोब सरकारी रुग्णालयात न्यावे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून विंचूदंशाने दगावणाऱ्यांचे प्रमाण पुष्कळ घटले आहे, पण औषध वेळेत मिळायला हवे. सापाच्या बाबतीत चिरणे, चोखणे, करकचून बांधणे यांपैकी काहीही करू नये.

चालकाची झोप ही सगळ्या गाडीची आरोग्यविमा आहे असे समजा. रात्रभर जागरण करून पहाटे परत निघू नका. सर्दीची किंवा गाडी लागू नये म्हणून घ्यायची गोळी चालकाने घेऊ नये, तिने झोप येते.

गडावर चढताना

यात्राकाळात खासगी वाहने बहुधा नांदुरीला थांबवतात आणि पुढे घाटातून एस.टी.ने जावे लागते. याचा अर्थ, तुमचे सारे सामान खाली राहणार. म्हणून पाण्याच्या बाटल्या, ओआरएस, रोजच्या गोळ्या आणि टोपी-उपरणे यांची एक खांद्याची पिशवी वेगळी करा. गडावरून मंदिरापर्यंत पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. ज्यांना छातीत दुखते, चालताना धाप लागते किंवा गुडघे दुखतात त्यांनी २०१८ साली सुरू झालेल्या ट्रॉलीने जावे. चढ सकाळी नऊच्या आत किंवा उन्हे उतरल्यावर करावा. गर्दीत मुलांच्या खिशात नाव आणि मोबाइल क्रमांकाची चिठ्ठी असावी.

चैत्रात अवकाळी पावसाचाही भरवसा नसतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट शेतकरी वाचकांना विसरता येणार नाही. विजा कडकडू लागल्या की झाडाखाली थांबू नका. पक्क्या इमारतीत किंवा पत्र्याच्या बंद गाडीत काचा लावून बसा. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे ॲप मोबाइलमध्ये घेतले तर विजेची आगाऊ सूचना मिळते.

ऊन लागलेच तर

माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली तर १०८ ला फोन करा आणि गाडी येण्याची वाट न पाहता अंग गार करायला लागा. सावलीत आडवे करा, घट्ट कपडे सैल करा, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता आणि जोराने वारा घाला. मानेवर, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, कारण हा जंतूंचा ताप नव्हे. पिण्याचे पाणी संपेल याची काळजी त्या क्षणी करू नका, जार त्याच्यावर रिकामा झाला तरी चालेल. दवाखान्यात पोचेपर्यंत जी मिनिटे जातात त्यांतच बहुतेक वेळा निकाल लागतो.

गाडी भरण्याचा क्रम

आदल्या संध्याकाळी गाडी भरताना हा क्रम ठेवा.

सर्वांत आत : जास्तीचे कपडे, शिधा, मोठी भांडी.

मध्ये : अंथरुणे, शेगडी, ताडपत्री.

दारापाशी : पाण्याचे जार, आडोशाची पिशवी, दुपारची शिदोरी.

हाताशी : औषधांचा डबा, रोजच्या गोळ्या, इन्सुलिनचा थर्मास, शाल, बॅटरी.

प्रत्येकाच्या जवळ : पाण्याची बाटली, टोपी किंवा उपरणे. मधुमेह्याकडे साखरेची पुडी.

गाडी भरून झाली की एक परीक्षा घ्या. घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला सांगा, 'ओआरएस काढून दाखव.' त्याला मिनिटभरात सापडले तर गाडी नीट भरली. नाही सापडले तर सामान उतरवून पुन्हा भरा. अर्धा तास जाईल, पण तो घरच्या अंगणात जाईल, लळिंगच्या घाटात नव्हे.

दुपारी बारा ते चार गाडी सावलीला उभी ठेवा. बैलांना जो विसावा आपण देत होतो, तो माणसांना द्यायला हरकत नसावी. देवी कुठे जात नाही, दर्शन संध्याकाळीही होते. सगळ्यांची यात्रा सुखाची होवो.